आधी आचार, मग उपदेश : कुमारप्पांचा येशू आणि आपल्या शेजारचा ख्रिस्ती

(वर्धा येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आज मी एका लहानशा पुस्तकाबद्दल बोलणार आहे. 'द प्रॅक्टिस अँड प्रीसेप्ट्स ऑफ जीझस' हे त्याचं नाव. नवजीवननं ते १९४५ साली छापलं. लेखक जे. सी. कुमारप्पा. ते याच गावात राहत होते, आणि मगनवाडी तर आपल्यापैकी बहुतेकांच्या रोजच्या रस्त्यावर आहे. मगन संग्रहालयात शाळेची सहल घेऊन गेलेले शिक्षकही इथे बसलेले दिसतात मला. कुमारप्पा आपल्याला ठाऊक आहेत ते ग्रामोद्योगवाले म्हणून. घाणी, मधमाशा, हातकागद, न सडलेला तांदूळ. ते ख्रिस्ती होते हेही आपल्याला ठाऊक असतं, पण त्या माहितीचं पुढे आपण काही करत नाही. आज तेच करू या.

पुस्तकाच्या नावातला क्रम बघा. आधी 'प्रॅक्टिस', मग 'प्रीसेप्ट्स'. आधी येशूचा आचार, नंतर त्याचा उपदेश. धर्मशास्त्राची पुस्तकं साधारणपणे उलटी चालतात. आधी सिद्धान्त येतो, म्हणजे देव कोण, पुत्र कोण, तारण कशानं होतं, आणि मग शेवटच्या प्रकरणात 'ख्रिस्ती जीवन' म्हणून चार पानं. कुमारप्पांनी हा क्रम फिरवला. येशू कसा जगला हे पहिलं, त्यावरून तो काय म्हणाला त्याचा अर्थ लावायचा. आणि ख्रिस्ती कोण? जो तसा जगायचा प्रयत्न करतो तो. बाप्तिस्म्याचा दाखला त्यांच्या लेखी गौण.

हे लिहिणारा माणूस कसा जगला ते थोडक्यात सांगतो, कारण त्यांच्याच कसोटीनं त्यांना तपासायचं तर ते लागेल. जन्म १८९२, तंजावर. तमिळ ख्रिस्ती कुटुंब, आडनाव कॉर्नेलियस. लंडनला हिशेबतपासणीचं शिक्षण, मुंबईत स्वतःची पेढी, मग अमेरिकेत सिराक्यूज आणि कोलंबिया. तिथे सार्वजनिक वित्तव्यवहाराचा अभ्यास करताना हिंदुस्थानची गरिबी आणि इंग्रजांचा कारभार यांचा हिशेब त्यांनी मांडला, आणि तो मांडता मांडता साहेबी थाटातला हा तरुण बदलला. १९२९ मध्ये साबरमतीला गांधीजींची भेट झाली. कॉर्नेलियसचे कुमारप्पा झाले, सुटाबुटाच्या जागी खादी आली. धर्म मात्र तोच राहिला. नाव आणि कपडे बदलले म्हणजे धर्म सुटतो, असं त्यांना कधी वाटलं नाही. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ वर्ध्यात स्थापन झाला आणि कुमारप्पा त्याचे कार्यवाह झाले.

त्याच वर्षाची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जानेवारीत बिहारचा भूकंप झाला होता. मदतनिधीचे हिशेब कुमारप्पांकडे होते. पै न् पै लोकांची, म्हणून कार्यकर्त्यांच्या खर्चावर त्यांनी कडक मर्यादा घातली. गांधीजी तिथे आले, सोबत त्यांची मंडळी. त्यांच्या खाण्यापिण्याचा खर्च निधीतून द्यायला कुमारप्पांनी नकार दिला. कुणाला? गांधीजींना! आणि गांधीजींनी तो मानला.

आता ही गोष्ट ख्रिस्ती आचाराची आहे की चोख हिशेबनिसाची? इथूनच माझा तत्त्वज्ञानाचा प्रश्न सुरू होतो.

प्रश्न असा: माणसाच्या वागण्यावरून त्याच्या श्रद्धेबद्दल काही सिद्ध होतं का? झाड फळावरून ओळखावं, हा शुभवर्तमानातला दृष्टान्त सगळ्यांना पाठ आहे. विल्यम जेम्सनं १९०२ च्या आपल्या ग्रंथात धार्मिक अनुभवाची पारख करताना हीच कसोटी घेतली. मूळ कुठून आलं ते शोधू नका, फळ काय आलं ते बघा. ऐकायला अगदी शेतकरी मनाला पटणारी गोष्ट आहे. पण वर्धा जिल्ह्यातच तिची अडचण दिसते.

दत्तपूरला चला. १९३६ साली विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी तिथे कुष्ठधाम सुरू केलं. त्या काळी कुष्ठसेवा म्हटली की मिशनरी, असं समीकरण होतं, आणि ते खोटं नव्हतं. आपल्याच विदर्भात अचलपूरजवळ कोठारा इथे मिशनचं कुष्ठरुग्णालय आहे. जखमा धुणं, पट्ट्या बदलणं, घरच्यांनी टाकलेल्या माणसाशी नावानं बोलणं, ही कामं तिथेही झाली आणि दत्तपूरलाही झाली. सेवाग्रामला परचुरेशास्त्री आले तेव्हा गांधीजींनी त्यांची स्वतः मालिश केली. आता सांगा, फळ तेच, झाडं दोन. मग फळावरून झाड ओळखायचं कसं? कोठाऱ्याच्या सेवेनं ख्रिस्ती धर्म खरा ठरत असेल, तर दत्तपूरच्या सेवेनं काय ठरतं?

यावर एक उत्तर असं देतात की सगळी झाडं शेवटी एकच. आपल्या भागात ते फार लोकप्रिय आहे; सर्वधर्मप्रार्थनेच्या वातावरणात वाढलेल्यांना तर ते श्वासासारखं झालंय. मला ते घाईचं वाटतं. कोठाऱ्याची परिचारिका तसं म्हणणार नाही, आणि तिला न विचारता तिच्या झाडाचं नाव बदलण्याचा आपल्याला अधिकार नाही. मी इतकंच म्हणतो: चांगल्या आचारावरून श्रद्धा खरी आहे हे सिद्ध होत नाही. ती श्रद्धा जगण्याजोगी आहे, एवढं दिसतं. तेही काही थोडं नाही.

उलट बाजू जास्त महत्त्वाची आहे. वाईट आचारावरून श्रद्धा खोटी ठरते का? इथे आपण सगळे फार लवकर निकाल देतो, आणि तो सगळ्यांना सारखा देत नाही. बाजारात एखाद्या दुकानदारानं काटा मारला तर आपण म्हणतो, हा दुकानदार लबाड. त्याचा धर्म मध्ये आणत नाही, कारण तो बहुधा आपल्याच धर्माचा असतो. तोच ख्रिस्ती असला तर? माझ्या वर्गात एक ख्रिस्ती मुलगा होता. नीतिशास्त्राच्या तासाला एकदा म्हणाला, 'सर, माझा मित्र दारू प्यायला तर तो बिघडला. मी प्यालो तर ख्रिस्ती लोक असेच असतात.' तीन वर्षांत मी शिकवलेल्या नीतिशास्त्रापेक्षा हे वाक्य जड आहे. आपल्या हिंदी सिनेमानं तर ख्रिस्ती म्हणजे बाटली हातात घेतलेला प्रेमळ म्हातारा, हे किती वर्षं दाखवलं! आणि दुसऱ्या टोकाला, ख्रिस्ती म्हणजे पांढऱ्या कपड्यातली दयाळू सिस्टर. बेवडा किंवा सिस्टर. मधला ख्रिस्ती, जो एस.टी.त नोकरी करतो, हप्ते भरतो, मुलाच्या बारावीची काळजी करतो, तो आपल्या नजरेत येतच नाही. अल्पसंख्य माणसाला खासगी चूक करण्याची मुभा आपण देत नाही. त्याची प्रत्येक चूक त्याच्या देवाच्या खात्यावर मांडली जाते.

म्हणून 'ख्रिस्ती माणसाच्या वागण्यातून त्याचा धर्म दिसतो' हे वाक्य कोण उच्चारतो, यावर बरंच अवलंबून आहे. ख्रिस्ती माणूस स्वतःला उद्देशून म्हणत असेल तर ती साधना आहे. शेजारी त्याच्याकडे बोट दाखवून म्हणत असेल तर तो पहारा आहे.

कुमारप्पा पहिल्या प्रकारचे. ते घरातून बोलतात, म्हणून त्यांना इतकं कडक बोलता येतं. त्यांचा राग संस्थाबद्ध चर्चवर आहे. विधी आहेत, रविवार आहे, आणि सोमवारपासून शनिवारपर्यंत साम्राज्याची चाकरी. हा राग पुस्तकी नव्हता. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहात निःशस्त्र लोकांवर लाठ्या चालल्या तेव्हा त्यांनी ख्रिस्ती कार्यकर्त्यांना आणि मिशनऱ्यांना आवाहन केलं की हे बघून तुम्ही गप्प कसे? कलकत्त्याचे बिशप फॉस वेस्टकॉट, जे हिंदुस्थानच्या अँग्लिकन चर्चचे प्रमुख होते, त्यांचं मत असं की कायदेभंग हा ख्रिस्ताच्या शिकवणीशी जुळत नाही. कुमारप्पांनी त्यांना जाहीर उत्तर दिलं. गंमत बघा, दोघांच्या हातात तेच शुभवर्तमान. एकाच्या मते सत्तेची आज्ञा मानणं हा ख्रिस्ती आचार, दुसऱ्याच्या मते ती मोडून मार खाणं हा ख्रिस्ती आचार. म्हणजे आचारावरून धर्म ओळखा म्हणताना कुठला आचार धर्माचा, हे आधी ठरवावं लागतं. आणि ते ठरवायला पुन्हा उपदेशाकडेच जावं लागतं! कुमारप्पांनी नावात क्रम फिरवला खरा, पण तर्कात तो पुरता फिरत नाही. आचार आणि उपदेश एकमेकांभोवती फिरतात. पुस्तकात याचा विचार नाही, आणि माझ्या मते ती त्याची पहिली उणीव.

कुणी ल्यूथरवादी इथे असता तर त्यानं याहून मोठा आक्षेप घेतला असता. तारण श्रद्धेनं, कर्मानं नव्हे, हा प्रॉटेस्टंटांचा मूळ मुद्दा. कृतीवाचून श्रद्धा मेलेली असं म्हणणारं याकोबाचं पत्र ल्यूथरला फारसं आवडत नव्हतं ते यामुळेच. तो म्हणाला असता, कुमारप्पा, तुम्ही शुभवार्तेचा पुन्हा नियम केलात. माणूस मोडतो म्हणून तर कृपा लागते. न मोडणाऱ्यांसाठी तुमचा धर्म आहे. या आक्षेपात दम आहे. कुमारप्पांचा येशू हा कांटच्या येशूसारखा आहे, नैतिक आदर्श म्हणून समोर उभा. तो आदर्श पेलला नाही तर काय, यावर त्यांच्यापाशी फारसं काही नाही. ते स्वतः तापट होते, हे त्यांच्या जवळच्यांनीच नोंदवून ठेवलंय. आपल्या तापटपणाचं या माणसानं आपल्या धर्मात काय केलं असेल, हे वाचायला मला आवडलं असतं. ते मिळत नाही.

पण जिथे पुस्तक आणि त्यांचं बाकीचं लेखन बलवान आहे तिथे ते आजही बोचतं. रोजचं वागणं म्हणजे काय, याची त्यांनी केलेली व्याख्या चर्चच्या व्याख्येपेक्षा रुंद आहे. साधारण ख्रिस्ती प्रवचनात रोजचं वागणं म्हणजे खोटं बोलू नका, व्यसन करू नका, शेजाऱ्याला मदत करा. कुमारप्पा म्हणतात, तुम्ही विकत काय घेता तेही वागणंच. कोकोच्या डब्याचं उदाहरण त्यांनी घेतलंय. तो कोको आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सक्तीच्या मजुरीतून आला असेल, तो वाहून आणणाऱ्या जहाजांच्या वाटा आरमाराच्या बळावर राखल्या असतील, तर सकाळी तो पिणारा सज्जन माणूस त्या सगळ्यात भागीदार आहे. चोरीचा माल घेणारा हात झटकू शकत नाही, तसंच. 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स'मध्ये त्यांनी अर्थव्यवस्थांच्या पायऱ्या मांडल्या. मेंढीला मारून जगणाऱ्या वाघापासून निघून, स्वतःसाठी काही न मागता पिलाला भरवणाऱ्या आईपर्यंत. ही मांडणी अर्थशास्त्र्यांना भाबडी वाटते. मला ती हिशेबनिसाची वाटते. जमाखर्चात जी बाजू कुणी लिहीत नाही, ती त्यांनी लिहिली. प्रत्येक वस्तूच्या पाठीवर तिचं नैतिक मोल टाकायचं. बिहारच्या निधीची पै मोजणारा माणूस आणि हा माणूस एकच आहे, आणि मघाशी सोडलेल्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच: त्यांच्यात हिशेबनीस आणि ख्रिस्ती वेगळे काढता येत नाहीत.

आता गांधीजींकडे वळतो, कारण वर्ध्यात या विषयावर बोलताना त्यांना टाळता येत नाही. १९३६ मध्ये आणि पुन्हा १९३८ मध्ये मिशनरी चळवळीतले मोठे पुढारी जॉन मॉट शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, त्यांना भेटले. मिशनऱ्यांना गांधीजी एक दाखला पुन्हा पुन्हा देत: गुलाबाला आपल्या वासाचा प्रचार करावा लागत नाही. जगा, बोलू नका. आणि हे म्हणणारा माणूस ख्रिस्तद्वेष्टा नव्हता. १९४२ साली लुई फिशर सेवाग्रामला आला तेव्हा गांधीजींच्या झोपडीच्या मातीच्या भिंतीवर त्याला एकच चित्र दिसलं, येशूचं.

दाखला सुंदर आहे. पण तो कधी दिला जात होता ते बघा. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं होतं. देशभर प्रश्न उभा होता की हा समाज कुठे जाणार. ज्याला विहिरीवर पाणी भरू देत नाहीत त्याला तुम्ही सांगता, धर्माबद्दल कुणी बोलू नये, फक्त वास घ्यावा. आचारच बोलू द्या, ही मागणी पोट भरलेल्यांना सोयीची असते. ज्याला बाहेर पडायचंय त्याला शब्द लागतात, युक्तिवाद लागतो, कुणीतरी हाक मारावी लागते. गुलाबाच्या दाखल्यात हे बसत नाही. मी गांधीजींचा आदर ठेवून म्हणतो, इथे त्यांचा दाखला अपुरा पडतो.

बाबासाहेबांनी मात्र आचाराची कसोटी ख्रिस्ती समाजाला खरोखर लावली. अस्पृश्यांचं ख्रिस्तीकरण आणि धर्मांतरितांची स्थिती यांवरचे त्यांचे लेख महाराष्ट्र शासनाच्या मालेतल्या पाचव्या खंडात आहेत, ते जरूर वाचा. ते सिद्धान्तावर वेळ घालवत नाहीत. विचारतात, जो आला त्याची जात गेली का? त्याच्यावरच्या अन्यायाविरुद्ध चर्च उभं राहिलं का? मिशनच्या शाळा-कॉलेजांचा मोठा लाभ कुणी घेतला? तर वरच्या जातींनी. इथे बसलेल्यांपैकी ज्यांचे आजोबा नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात शिकले त्यांनी स्वतःशीच हिशेब करून पाहावा. जात चर्चच्या दारात गळून पडली नाही. मराठी ख्रिस्ती समाजात लग्न जुळवताना आजही जुनी जात विचारली जाते, हे त्या समाजातलेच लोक लिहितात, बोलतात. चर्चच्या जमिनींवरून कोर्टकचेऱ्या चालतात तेही ते लपवत नाहीत. आणि आपण हसायचं कारण नाही. जातीचं हे देणं आपण दिलेलं आहे.

कुमारप्पांच्या पुस्तकात हे जवळजवळ नाही. साम्राज्य आहे, युद्ध आहे, यंत्र आहे, पैसा आहे. जात आणि स्वयंपाकघर नाही. ते आजन्म अविवाहित राहिले, आश्रमात राहिले. घरात, नात्यात, चुलीपाशी धर्म कसा वागतो हे त्यांच्या नजरेच्या टप्प्यात आलं नसावं. त्यासाठी दुसरं पुस्तक हातात घ्यावं लागतं, आणि ते आपल्या भाषेत आहे: लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. ती १९३४ पासून भागांनी निघाली, म्हणजे मगनवाडी सुरू झाली त्याच वर्षापासून.

रेव्हरंड टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई काही वर्षं दूर राहिल्या, मग नवऱ्याकडे आल्या, पण आपलं सोवळं घेऊन आल्या. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. आणि ते सोवळं कसं एकेक पदर करत सुटलं, हे त्या सांगतात. त्यांच्यात बदल सिद्धान्तानं झाला नाही. कुणाच्या हातचं पाणी प्यायचं या प्रश्नानं झाला. बाप्तिस्मा १९०० मध्ये, पण खरं धर्मांतर त्याआधी घागरीपाशी झालं होतं, असं मी म्हणेन. आणि दुसरी गोष्ट, नवऱ्याची साक्ष. टिळक मोठे कवी, भक्त, दाते. महाराष्ट्रानं त्यांना संत म्हटलं. लक्ष्मीबाई त्यांच्यावर प्रेम करतात आणि एक दोष झाकत नाहीत. त्यांचा राग, लहरीपणा, घरात उद्याचं पीठ आहे की नाही न बघता सगळं देऊन टाकणं. दान करणारा पुण्यवान, आणि ते दान ज्या डब्यातून गेलं तो डबा भरायचा कुणी? ख्रिस्ती माणसाच्या आचाराची साक्ष काढायची तर ती भक्तांकडून काढू नये, आणि विरोधकांकडूनही नको. ती घरातल्या माणसाकडून काढावी. लक्ष्मीबाईंच्या साक्षीतून टिळक लहान होत नाहीत, हे या पुस्तकाचं आश्चर्य आहे. दोष दिसूनही श्रद्धा खरी वाटते. ल्यूथरवाद्याला कुमारप्पांकडे जे मिळालं नसतं, ते इथे मिळतं.

जाता जाता एक. सेवाग्रामला गांधीजींजवळ राहिलेल्या राजकुमारी अमृत कौर ख्रिस्ती घरातल्या. घटना समितीत मूलभूत हक्कांवर काम चाललं तेव्हा धर्माच्या मुक्त आचरणाची हमी द्यायची, या कलमाबद्दल त्यांना धास्ती होती. आचरण या शब्दाच्या आड देवदासी, पडदा असल्या चाली लपतील आणि सुधारणेचे कायदे अडतील, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे बघा, कुमारप्पांसाठी आचार हा धर्माचा सर्वांत शुद्ध भाग, आणि अमृत कौरांसाठी कायद्यानं लक्ष ठेवावं असा भाग. दोघंही याच परिसरातले, दोघंही त्याच वर्तुळातले, आणि दोन वर्षांच्या अंतरानं बोलत होते, १९४५ आणि १९४७. 'आचार' म्हटलं की कुमारप्पांच्या डोळ्यांसमोर येशू येत होता. अमृत कौरांच्या डोळ्यांसमोर बाई येत होती.

पुढे मगनवाडी सोडून कुमारप्पा आपल्याच जिल्ह्यात सेलडोहला गेले, पन्नई आश्रम काढला, शेतीचे प्रयोग केले. नंतर तमिळनाडूत गेले आणि तिथेच १९६० च्या ३० जानेवारीला वारले. येशूवरची त्यांची दोन्ही पुस्तकं लहान आहेत, तुरुंगात लिहिलेली, साध्या इंग्रजीतली. 'स्मृतिचित्रे' जाडजूड आहे पण हातातून सुटत नाही. शक्य झालं तर दोन्ही एका महिन्यात वाचा, आधी लक्ष्मीबाई आणि मग कुमारप्पा, या क्रमानं. मागच्या रांगेतून मघाशी एक हात वर झाला होता. बोला, काय प्रश्न आहे?